ल्योंचा पहिला हिवाळा: पुण्याहून येणाऱ्या कुटुंबासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं, पाच वर्षांची मुलगी. नवऱ्याला फ्रान्समध्ये ल्यों इथे नोकरी लागली आहे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिऱ्हाड हलणार आहे. घरी मांस-मासे नाहीत, अंडं चालतं. विचारलंय ते असं: तिकडची थंडी सोसवेल का, कपडे इथून घ्यावेत का, आणि चार महिने घरात कोंडून घेऊन वेड तर लागणार नाही ना?

मी ल्योंमध्ये बरीच वर्षं राहते. परदेशातून नोकरीसाठी येणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा आणि कागदपत्रं लावून देणं हेच माझं काम आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

थंडीचं आधी सांगते, कारण सगळे तिलाच घाबरतात आणि ती सगळ्यात सोपी आहे. ल्योंमध्ये जानेवारीत दिवसा सहा-सात अंश असतात, रात्री शून्याच्या आसपास. अधूनमधून उणे चार-पाचपर्यंत उतरतं. बर्फ शहरात वर्षातून थोडेच दिवस पडतो आणि पडला की दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो. उत्तरेकडून वारा सुटला की मात्र तेच पाच अंश हाडात शिरतात. रोन नदीवरचा पूल चालत ओलांडताना हे कळेलच. पण माणसं आजारी पडतात, चिडचिडी होतात, परतीची तिकिटं बघायला लागतात ती या थंडीने नाही. त्यांना अंधार खातो.

ल्यों ४५ अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे. डिसेंबरच्या शेवटी सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि पाचच्या सुमाराला मावळतो. पुण्यात त्याच दिवशी अकरा तास उजेड असतो, इथे पावणेनऊ तासही नाही. त्यातही दोन नद्यांच्या मधलं हे शहर धुक्यासाठी प्रसिद्ध. आठवडाभर आकाश स्टीलच्या झाकणासारखं वर बसलेलं असतं. साडेआठच्या शाळेला तुम्ही मुलीला रस्त्यावरच्या दिव्यांत सोडाल, आणि ऑफिस सुटेल तेव्हा पुन्हा रस्त्यावरचे दिवेच. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो. म्हणजे संध्याकाळी सहाला तुम्हाला आईशी बोलावंसं वाटेल तेव्हा पुण्यात साडेदहा वाजलेले असतील. घरच्या फोनची वेळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणा. साडेबाराला फोन केला की तिकडे पाच, चहाची वेळ. हा बदल न केल्यामुळे किती जणांचे घरचे फोन नोव्हेंबरात हळूहळू बंद होतात ते मी पाहिलेलं आहे, आणि एकटेपणा तिथूनच सुरू होतो.

अंधारावर माझे दोन उपाय आहेत आणि दोन्ही मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. एक, दुपारी अर्धा तास बाहेर चालायचं, ढग असले तरी. तेत दॉर बाग शहरातच आहे, मोठं तळं आहे, प्राणी बघायला पैसे लागत नाहीत. दुसरा उपाय लोकांना उशिरा कळतो: धुकं दाट असतं तेव्हा डोंगरावर जा. थंड जड हवा खाली दरीत साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो, म्हणून धुकं, धूर सगळं खाली अडकतं. हजार मीटरच्या वर लख्ख ऊन असतं. ल्योंहून ग्रनोबलला साध्या प्रादेशिक रेल्वेने साधारण दीड तास लागतो. तिथून शार्त्रझ किंवा व्हेर्कोरच्या डोंगरांत बस जातात. वर उभं राहून खालच्या ढगांच्या समुद्राकडे पाहायचं आणि आपले सहकारी त्याच्या तळाशी आहेत या विचाराने थोडं खूश व्हायचं.

‘ड’ जीवनसत्त्वाचं डॉक्टरांशी बोला. या अक्षांशावर हिवाळ्यातल्या उन्हाने ते जवळपास तयारच होत नाही आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर अजूनच जास्त ऊन लागतं. इथले डॉक्टर मोठ्या डोसची छोटी कुपी लिहून देतात, ती महिन्या-दोन महिन्यांनी घ्यायची असते. मात्र भारतातून आणलेल्या गोळ्या आणि इथली कुपी एकत्र घेऊ नका.

आता घर. हिवाळ्याचा निम्मा सुखदुःखाचा हिशोब इथे भाडेकरार करतानाच ठरतो. प्रत्येक घराच्या जाहिरातीवर ए ते जी असं ऊर्जेचं अक्षर असतं. जी म्हणजे उष्णता भिंतींतून गळणारं घर. २०२५ पासून अशी घरं नव्याने भाड्याने देताच येत नाहीत. तरी एफ अजून मिळतात, आणि नेमकी क्रुआ-रूसच्या टेकडीवरच्या जुन्या, उंच छताच्या देखण्या इमारतींत मिळतात. ती छतं चार मीटर उंच आहेत कारण तिथे रेशमाचे माग उभे असत. माग गेले आणि गरम हवा वर जाऊन बसते ती जागा राहिली. पहिल्या हिवाळ्यात असं घर घेऊ नका, कितीही सुंदर दिसलं तरी.

विचारायचा मुख्य प्रश्न म्हणजे गरम करण्याची व्यवस्था सामायिक आहे की स्वतंत्र. सामायिक असेल तर सगळ्या इमारतीला एकच बॉयलर, खर्च महिन्याच्या शुल्कात धरलेला, आणि साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत रेडिएटर चालू. स्वतंत्र आणि विजेवरचं असेल तर बिल तुमचं. त्यात जुने विजेचे हीटर असले, ज्यांना इथे लोक थट्टेने ‘टोस्टर’ म्हणतात, तर जानेवारीचं बिल पाहून घाम फुटेल. वीज कंपनीच्या ‘टेम्पो’ दरात वर्षातले ३०० दिवस निळे आणि स्वस्त, ४३ पांढरे, आणि २२ लाल दिवस फार महाग असतात. ते लाल दिवस सगळे नोव्हेंबर ते मार्चमध्येच येतात, म्हणजे तुम्हाला हीटर सगळ्यात जास्त लागतो तेव्हा. विजेवर गरम होणाऱ्या घरात हा दर पहिल्या वर्षी टाळाच.

सरकारी नियमात घराचं तापमान १९ अंश धरलेलं आहे. इथले लोक घरात स्वेटर घालून बसतात, आणि तुम्हाला जेवायला बोलावतील तेव्हाही १९च असेल. पाहुण्यांसाठी हीटर वाढवण्याची पद्धत नाही, तेव्हा मोजे चांगले घालून जा.

मराठी घरांत हमखास होणारा घोटाळा ओलाव्याचा. कुकरच्या शिट्ट्या, कढीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे आणि वर घट्ट बंद खिडक्या. महिन्याभरात कपाटामागे काळी बुरशी. खिडकीच्या चौकटीवर हवा येण्याच्या पट्ट्या असतात, त्यातून गार वारा येतो म्हणून लोक त्या चिकटपट्टीने बंद करतात. करू नका. सकाळी दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडा, हीटर बंद करून. भिंती गार होत नाहीत, नुसती हवा बदलते. बुरशीचा खर्च शेवटी अनामत रकमेतून कापला जातो, आणि सामानासहित घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याएवढी असू शकते.

कपड्यांवर फार लिहीत नाही. पुण्याहून जाड जॅकेट आणू नका. ते विमानात जागा खातं आणि इथल्या वाऱ्याला पुरत नाही. आतला लोकरी किंवा थर्मल थर, मधे फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारं काहीतरी. बूट पाणी न शिरणारे हवेत, बाकी कशावरही कंजुषी चालेल. पहिल्या शनिवारी डेकॅथलॉनमध्ये जा, मुलीचं सगळं तिथे होईल. चांगला कोट हवा असेल तर जानेवारीतल्या सेलपर्यंत थांबा. तो सरकार ठरवून देईल त्या बुधवारी, महिन्याच्या सुरुवातीच्या पंधरवड्यात सुरू होतो आणि चार आठवडे चालतो. जुने कपडे विकणाऱ्या दुकानांची इथे कुणाला लाज वाटत नाही. एका हिवाळ्यात आखूड होणारे मुलीचे कोट तिथूनच घ्या.

मुलगी पाच वर्षांची म्हणजे बालशाळेच्या शेवटच्या वर्गात जाईल. फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे. थंडी असो, भुरभुर असो, मधल्या सुट्टीत मुलांना अंगणात सोडतात. आपल्याकडच्या आज्यांना व्हिडिओवर हे दाखवू नका. हातमोजे दोरीने कोटाच्या बाहीला बांधलेले घ्या, प्रत्येक वस्तूवर नाव घाला, आणि बदलायच्या कपड्यांची पिशवी शाळेतच ठेवा. मफलर बहुतेक बालशाळांना नको असतो, अडकण्याची भीती. गळ्याभोवती बसणारा गोल पट्टा चालतो. जेवणाचं म्हणाल तर ल्योंच्या शाळांच्या खानावळीत शाकाहारी पर्याय मिळतो, नोंदणी करतानाच तसं निवडा. बालशाळेत गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात मूल सतत सर्दी-जुलाबाने आजारी पडतं. हे फ्रेंच मुलांचंही होतं, त्यासाठी देश सोडायची गरज नाही. फ्लूची लस तुम्ही दोघं औषधांच्या दुकानातच घेऊ शकता, मुलीचं डॉक्टरांना विचारा. आणि नेहमीचा डॉक्टर आल्याआल्या शोधायला लागा, ताप आल्यावर नाही. नवीन रुग्ण न घेणारे डॉक्टर या शहरात फार झाले आहेत.

आता तिसरा प्रश्न, वेड लागण्याचा. माझं म्हणणं असं आहे की फ्रेंच माणसाने हिवाळा खाण्यापिण्याच्या तिथ्यांनी भरून टाकलेला आहे, आणि आपण जितक्या लवकर त्या तिथ्या पाळायला लागू तितका तो पटकन सरतो. श्रावण ते कार्तिक सांभाळणाऱ्या घराला यात अवघड काही नाही. पण बहुतेक भारतीय कुटुंबं ‘हे त्यांचं’ म्हणून बाजूला राहतात आणि फेब्रुवारीपर्यंत शनिवार-रविवार मालिका बघत काढतात.

तुम्ही पोचाल तेव्हा क्रुआ-रूसच्या चौकात चेस्टनटची जत्रा बहुधा चालू असेल. ऑक्टोबरपासून पाळणे लागतात, भाजलेले चेस्टनट कागदाच्या पुडीत मिळतात, मोठी माणसं सोबत पांढरी वाइन घेतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी नवी बोजोले वाइन बाटलीतून बाहेर पडते. बोजोलेचे मळे ल्योंच्या उत्तरेला लागूनच आहेत, त्यामुळे इथे तो जवळपास घरचा कार्यक्रम असतो. वाइन घेत नसाल तरी ऑफिसातले लोक निघाले की सोबत जा. द्राक्षाचा रस मागितला तर कोणी हसत नाही.

मग येतो आठ डिसेंबर, आणि ल्यों बघायचं तर त्या रात्री. गोष्ट १८५२ची. फूर्व्हिएरच्या टेकडीवरच्या चॅपेलवर मेरीचा सोनेरी पुतळा बसवायचा होता. मुहूर्त होता सप्टेंबरचा, पण सोन नदीला पूर आला, शिल्पकार फाबिश यांच्या कारखान्यात पाणी शिरलं आणि समारंभ आठ डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ आलं. रोषणाई, आतषबाजी रद्द होणार असं दिसत असतानाच संध्याकाळी आभाळ मोकळं झालं, आणि लोकांनी कुणी न सांगता घराघराच्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून ल्योंकर त्या रात्री नक्षीच्या छोट्या काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या लावून खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ओळीने ठेवतात.

आज त्याभोवती महापालिकेचा चार रात्रींचा प्रकाशोत्सव उभा आहे. तेरोच्या चौकात, साँ-जाँच्या कॅथेड्रलवर इमारतींच्या दर्शनी भिंतीच पडदा होतात, आणि चार रात्रींत वीस लाखांच्या आसपास लोक येतात. २०१५मध्ये पॅरिसच्या हल्ल्यांनंतर हे खेळ रद्द झाले होते. त्या वर्षी नुसत्या खिडक्यांतल्या मेणबत्त्या होत्या. तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे, पिशव्या तपासतात, गर्दीचे रस्ते एकमार्गी करतात. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन शनिवारी मध्यभागी अजिबात जाऊ नका. बाकीच्यांपैकी एखाद्या संध्याकाळी, दिवे लागल्या लागल्या जा आणि साडेसातला परत फिरा. आणि एक करा: दिवाळीतून उरलेल्या पणत्या असतील तर आठ तारखेला खिडकीत लावा. शेजारच्या आजी जिन्यात थांबवून विचारतीलच, हे काय आहे. तोवर नुसतं ‘बोंझूर’वर अडकलेलं नातं तिथून पुढे सरकतं. माझ्या ओळखीच्या किमान दोन घरांत हे असंच झालेलं आहे.

डिसेंबरात संध्याकाळी दारावरची घंटा वाजेल आणि अग्निशमन दलाचे दोन जवान गणवेशात उभे असतील. आग लागलेली नसते. ते कॅलेंडर घेऊन आलेले असतात. पोस्टमनही येतो. कॅलेंडरला छापील किंमत नसते, आपण पाच-दहा युरो द्यायचे. भामटेही फिरतात, म्हणून ओळखपत्र बघायला मागा, खरे असतील ते दाखवतात. इमारतीत रखवालदार बाई असतील तर त्यांनाही नववर्षाची बक्षिसी द्यायची पद्धत आहे. आपल्या दिवाळीच्या पोस्ताचंच हे रूप, त्यामुळे तुम्हाला वेगळं शिकवायला नको.

नाताळ मात्र बाहेरच्या माणसाला अवघड. प्लास कार्नोवरचा बाजार, शाळेतली गाणी, चमकत्या कागदात गुंडाळलेली आणि आत सुविचाराची चिठ्ठी असलेली पापियोत नावाची ल्योंची चॉकलेटं, हे सगळं २४ तारखेच्या दुपारपर्यंत. मग अचानक शहर बंद होतं. २४च्या रात्रीचं जेवण फक्त घरच्यांचं. सहकारी कितीही गोड असला तरी त्याने बोलावलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. २५ला दुकानं बंद, बस-मेट्रो कमी. फ्रीज आधी भरा, आणि त्या दोन दिवसांसाठी दुसऱ्या एखाद्या भारतीय किंवा परदेशी कुटुंबाबरोबर आधीच बेत ठरवा. माझ्याकडे रडके फोन येतात ते बहुतेक २५ डिसेंबरच्या दुपारी.

३१च्या मध्यरात्रीच्या आधी कोणाला ‘नवीन वर्षाच्या शुभेच्छा’ म्हणू नका, अपशकुन मानणारे बरेच आहेत. तोवर ‘सणांच्या शुभेच्छा’ चालतात. एक तारखेनंतर उलट. जानेवारीत पहिल्यांदा भेटणाऱ्या प्रत्येकाला, मग ती २५ तारीख का असेना, शुभेच्छा द्यायच्याच. न दिल्या तर तुम्ही कोरडे ठरता.

जानेवारी हा महिना राजांच्या केकचा. ६ जानेवारीचा सण, पण बेकऱ्या महिनाभर विकतात आणि ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी घेऊन येतं. पापुद्र्यांच्या आवरणात बदामाचं सारण, आत लपवलेली चिनी मातीची एक छोटी बाहुली. सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाला ते ओरडून सांगतं. ज्याच्या तुकड्यात बाहुली येते तो राजा, त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट, आणि पुढचा केक त्याने आणायचा. दात सांभाळून चावा. तुमची मुलगी वर्गात राणी होऊन घरी येईल, त्या दिवसापासून तिला शाळा आवडायला लागेल असं धरून चाला. याच दिवसांत आपली संक्रांत येते. गियोतिएर भागातल्या मगरेबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या लोकांच्या, दुकानांत तीळ किलोने मिळतात, गूळ भारतीय किंवा श्रीलंकन दुकानात. केकच्या बदल्यात ऑफिसात तिळाच्या वड्या न्या. लाडू नकोत, कडक झाले तर फ्रेंच माणूस दंतवैद्याचं नाव घेतो.

२ फेब्रुवारीला क्रेप. एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने तव्यावरचं क्रेप उलटायचं, नीट पडलं तर वर्षभर पैसा. मग लेंटच्या उपवासाआधी बेकऱ्यांत ब्यून्य दिसायला लागतात: मैदा, अंडं, लोणी, चौकोनी पातळ काप, तळून वर पिठीसाखर. ल्योंची ब्यून्य पातळ आणि कुरकुरीत, शेजारच्या साँतेतियेनची फुगीर, आणि कुठली खरी यावर वाद घालणारे दोन्हीकडे आहेत. ल्योंची खाल्ली की शंकरपाळीची बहीण आहे हे कळेल. आमच्याकडे एका शिमग्याला दोन्ही एका ताटात होत्या आणि फ्रेंच पाहुण्यांनी शंकरपाळी आधी संपवली.

फेब्रुवारीत शाळेला दोन आठवडे सुट्टी. देश तीन विभागांत वाटलेला आहे, ल्यों ‘अ’ विभागात येतं, तारखा दर वर्षी बदलतात. अर्धं ऑफिस आल्प्समध्ये जातं. स्कीइंग महाग: लिफ्टचा पास, भाड्याची साधनं, शिकवणी, तिघांचं मिळून हजार युरो कुठे गेले कळत नाही. पहिल्या वर्षी घसरगाडी आणि बर्फावर चालायची रुंद पादत्राणं एवढ्यावर भागवा, तीसेक युरोत दिवस छान जातो. भाड्याची गाडी घेणार असाल तर लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगरी भागांत हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या असणं सक्तीचं आहे.

शाकाहाराबद्दल खरं सांगायचं तर ल्यों हे त्यासाठीचं शहर नाही. इथल्या पारंपरिक खानावळींना बुशाँ म्हणतात आणि त्यांचा सगळा मानच आतडी, भेजं, डुकराचं मांस यांवर उभा आहे. तिथे तुम्हाला ‘सर्व्हेल द कान्यू’ मिळेल. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू, पण असतं ताजं चीज, चाइव्हज आणि बारीक कांदा, बिनधास्त मागवा. साधी केनेल अंडं, लोणी आणि पिठाची असते, पण तिच्यावरचा नांत्युआ सॉस झिंग्यासारख्या प्राण्याचा असतो, तेव्हा सॉस विचारूनच घ्या. हिवाळ्यातलं खरं आमंत्रण राक्लेतचं येतं: टेबलावर छोटी शेगडी, प्रत्येकाने आपापलं चीज वितळवून उकडलेल्या बटाट्यावर ओतायचं. मांस वेगळ्या ताटात असतं, म्हणून शाकाहाऱ्याला सोयीचं. मात्र बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. ते तुम्हाला चालतं की नाही हे भारतातच ठरवून या, यजमानाच्या टेबलावर ठरवू नका.

घरच्या स्वयंपाकाला हिवाळा उलट बरा आहे. सोनच्या काठावरचा साँ-अंत्वानचा बाजार आणि क्रुआ-रूसचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. नारिंगी छोटा भोपळा सालीसकट शिजतो, त्याचं भरीत उत्तम होतं. ब्लेत नावाच्या पाल्याची पातळ भाजी चाकवतासारखी लागते. बेसन, रवा मगरेबी दुकानांत. पोळ्यांसाठी पिठाच्या पाकिटावरचा आकडा बघा: ५५ म्हणजे मैद्याजवळचं, १५० म्हणजे सगळा कोंडा असलेलं, ११०च्या पोळ्या बऱ्या होतात. इडलीचं पीठ आणि दही बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, फुगतं.

नोव्हेंबरात येणाऱ्यांचा एक तोटा आहे. इथलं सामाजिक आयुष्य संस्थांमधून चालतं. गाणं, चित्रकला, फ्रेंच भाषा, मातीकाम, सगळ्यांची नोंदणी सप्टेंबरच्या संस्था-मेळाव्यात होते आणि गाडी सुटते. तरी वस्तीतल्या युवा-संस्कृती केंद्रात, ज्याला सगळे एमझीसे म्हणतात, जाऊन विचारा. लोक गळतात आणि जानेवारीत जागा होतात, फी पण कमी लागते. हे काम विशेषतः पत्नीसाठी तातडीचं समजा. नवऱ्याला ऑफिस आपोआप मिळतं, मुलीला शाळा, आणि तिसरं माणूस घरात १९ अंशांत बसून राहतं. माझ्या कामात मोडलेल्या बदल्या मी पाहिल्या त्या बहुतेक याच माणसामुळे मोडल्या, आणि कंपन्यांना ते अजून कळत नाही.

रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जायला जागा हव्यात. मोंप्लेझिरमधल्या ‘पहिला चित्रपट’ नावाच्या रस्त्यावर ल्युमिएर बंधूंचा बंगला आहे, संग्रहालय आहे. १८९५मध्ये कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांचा तो पहिला चित्रपट तिथेच घेतला गेला, आणि ती शेड आता चित्रपटगृह आहे. ल्युमिएरचे खेळ ७ जुलै १८९६ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये झाले, म्हणजे आपल्या सिनेमाचं एक टोक या रस्त्यावर आहे. मराठी माणसाने एकदा तरी जावं. मुलीसाठी ग्विन्योलचा बाहुल्यांचा खेळ. शब्द कळले नाहीत तरी बाहुला पोलिसाला बडवतो तेव्हा ओरडायला मुलं शिकतात. महापालिकेच्या वाचनालयात मुलांचं सभासदत्व फुकट आहे. रोनच्या काठावर उघड्यावरचा गरम पाण्याचा तलाव हिवाळ्यातही चालू असतो. टोपी सक्तीची, आणि पुरुषांना ढगळ बर्म्युडा चालत नाही, आखूड घट्ट चड्डीच लागते. नवऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

शेवटी सामान, कारण तुम्ही तेच आधी भराल. सगळ्यांचे जन्मदाखले अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का घेऊन आणा, सामाजिक सुरक्षेच्या क्रमांकासाठी ते लागतात. अनुवाद मात्र फ्रान्समधल्या शपथबद्ध अनुवादकाकडून इथे आल्यावर करून घ्या. कुकर आणणार असाल तर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा बघून घ्या, भाड्याच्या घरांत गॅस क्वचितच असतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिथे शोभेचाच. मसाले, डाळी, पापड आणा. तूप, पेढे, खवा, चक्का यांतलं काही आणू नका: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, विमानतळावर सापडलं तर टाकून देतात. तूप इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवा. पाव किलोच्या चार वड्या घ्या, मंद आचेवर ठेवा आणि बेरी लाल व्हायच्या आधी उतरवा.